मी शर्यतीचे इंधन मोजते

मित्रांनो, माझ्या अंगावर खालपासून वरपर्यंत बारीक रेघा आहेत. काही अजून ठळक आहेत, काही बोटांनी पुसट झाल्या आहेत. मी एक जुनी काचेची मोजनळी आहे. पुस्तकात मला मोजपात्र म्हणतात. कॉलेजातली मुले मला मेजरिंग सिलिंडर म्हणायची. पण ज्या बाईंच्या हातात माझे बहुतेक आयुष्य गेले, त्या मला मोजनळीच म्हणतात आणि मलाही तेच नाव आवडते.

माझा जन्म अंबाल्याकडच्या एका काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीतून बाहेर काढले तेव्हा मी मधासारखी पिवळी आणि मऊ होते. एका कारागिराने मला ओढून सरळ केले, खाली बसका पाय दिला आणि वर काचेचे बूच बसवले. ते बूच माझ्याच तोंडावर घासून घासून नेमके जुळवलेले आहे. दुसऱ्या कुठल्या नळीला ते बसत नाही आणि मलाही दुसरे चालत नाही. मग अंगावर रेघा कोरल्या गेल्या, आणि भुश्याच्या खोक्यात बसून मी आगगाडीने भोपाळला आले.

इथल्या एका सरकारी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला ठेवले. तिथे सुमित्राबाई मुलांची प्रात्यक्षिके घेत. त्यांचे वडील सचिवालयातल्या नोकरीसाठी नागपूरहून इकडे आले होते, आणि तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. बोलायला मऊ, पण प्रयोगाच्या टेबलाशी कडक. नवीन वर्ग आला की त्या मला हातात घेत आणि सांगत, "डोळा रेघेच्या समोर आणायचा. वरून बघाल तर जास्त दिसेल, खालून बघाल तर कमी. समोर बसाल तरच खरं दिसेल."

किती मुलांनी माझ्यासमोर गुडघे वाकवले असतील, ते सांगता यायचे नाही. कोणी घाईत वाचे, कोणी शेजाऱ्याचा आकडा उतरवून घेई. पण एखादी मुलगी श्वास रोखून रेघ वाचे, आणि सुमित्राबाई नुसत्या "बरोबर" म्हणत. त्या एका शब्दात माझेही कौतुक असे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे प्लॅस्टिकच्या मोजनळ्या आल्या. त्या पडल्या तरी फुटत नव्हत्या. आम्हा काचेच्या नळ्यांना मागच्या कपाटात ढकलले गेले, आणि एक दिवस ते कपाटच भंगारात काढायचे ठरले. सुमित्राबाई त्याच सुमारास निवृत्त होत होत्या. त्यांनी विभागप्रमुखांना विचारून मला मागून घेतले आणि साडीच्या पदरात गुंडाळून घरी आणले.

घर अयोध्या नगरात होते. त्यांचे यजमान वसंतराव बँकेतून निवृत्त झालेले, बागेत रमणारे. घरात मला काय काम असणार? सुमित्राबाईंनी माझ्यात पाणी भरले आणि मनी प्लांटची एक फांदी खोचली. खिडकीत बसून मी रस्ता पाहत असे. पाण्याचे पांढरे डाग माझ्या अंगावर चढत गेले. पाणी कितव्या रेघेवर आहे, हे कोणी विचारत नव्हते. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूला कोणी काही विचारेनासे झाले, की तिला आपण कोण आहोत तेच आठवेनासे होते.

मग त्यांच्या मुलाचे, प्रसादचे लग्न झाले आणि सायली घरात आली.

सायली इंदूरची. शिकलेली इंजिनिअर, गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात नोकरीला. तिच्याबरोबर एक लाल गाडी आली. गाडी दिसायला साधी, छोटी, थोडी जुनीही. पण सायलीने तिच्या इंजिनला टर्बो बसवला होता, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. ती सुरू झाली की माझ्या खिडकीची काच थरथरायची आणि मीही थरथरायचे. शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर वेळ लावून गाड्या पळवण्याची स्पर्धा होई, त्यात सायली भाग घेत असे. रस्त्यावर मात्र ती वसंतरावांच्या स्कूटरपेक्षाही हळू चालवायची.

प्रसाद कामासाठी महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असे. घरात सासू आणि सून. दोघी चांगल्या, आणि दोघी एकमेकींना भयंकर जपणाऱ्या.

"आई, चहा घेणार?"

"घेते. तू घेतलास का?"

"हो, घेतला."

एवढे झाले की बोलणे संपे. सुमित्राबाईंना गाडीतले काही कळत नसे आणि विचारले तर आपण टोकतो आहोत असे तिला वाटेल, ही भीती. सायलीला वाटे, या शांत घरात आपल्या गाडीचा आवाज आधीच पुरेसा आहे. खिडकीत बसून मी ही शांतता ऐकत असे. ती भांडणाची शांतता नव्हती. पण ती गोडही नव्हती.

उन्हाळ्याच्या शेवटी, एका रविवारी सकाळी, सायली मागच्या व्हरांड्यात दोन बाटल्या समोर ठेवून फोनवर बोलत बसली होती. पलीकडे उदय होता. गाडीच्या इंजिनचे हिशेब संगणकावर जुळवून देणारा तिचा इंदूरचा मित्र. तिच्यापेक्षा मोठा, म्हणून ती त्याला दादा म्हणे.

"उदयदादा, दोघंही पंच्याऐंशी टक्केच म्हणतात," सायली सांगत होती. "आता मला कसं कळणार कौन सच बोल रहा है? चुकीचं भरलं तर इंजिन जाईल यार."

खिडकीशी सुमित्राबाई भाजी निवडत होत्या. 'टक्के' हा शब्द कानावर पडताच त्यांचा हात थांबला. थोडा वेळ त्या घुटमळल्या. मग बाहेर आल्या.

"कशाचे पंच्याऐंशी टक्के?"

सायली जरा गोंधळली, पण तिने सांगितले. तिला गाडीत साधे पेट्रोल नको होते. ज्यात पंच्याऐंशी टक्के इथेनॉल आणि उरलेले पेट्रोल आहे, असे इंधन हवे होते. "इथेनॉल इंजिनला थंड ठेवतं, आई. टर्बो जास्त जोरानं चालवला तरी आत ठोके पडत नाहीत. पण इंजिन त्याच हिशेबावर जुळवून घ्यायचं असतं. इथेनॉल कमी निघालं, तर ठोके पडून पिस्टन फुटतो. जास्त निघालं, तर इंजिनला इंधन अपुरं पडतं, तेही वाईट. हे दोन विक्रेत्यांचे नमुने आहेत. दोन्हींवर तेच लिहिलंय."

"इथेनॉल आणि पेट्रोल," सुमित्राबाई स्वतःशीच म्हणाल्या. "इथेनॉलला पाणी आवडतं. पेट्रोलला नाही."

त्या आत आल्या आणि त्यांनी मनी प्लांटची फांदी माझ्यातून अलगद काढून एका ग्लासात ठेवली. व्हिनेगरने माझे डाग घासले. माझे बूच देवघराच्या खणात होते, ते शोधून आणले. मला कोरडे पुसताना त्यांचे हात पुन्हा पूर्वीसारखे चालत होते, भरभर आणि नेमके. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटले ते काचेला सांगता येत नाही. पण अंगावरची प्रत्येक रेघ जागी झाली होती.

आधी त्यांनी देवाजवळचा दिवा शांत केला, स्वयंपाकघराचे दार लावले आणि वसंतरावांना उदबत्ती लावू नका म्हणून बजावले. मग उघड्या व्हरांड्यात, सावलीत, पहिल्या बाटलीतले इंधन माझ्यात मधल्या रेघेपर्यंत ओतले. वरून शेवटच्या रेघेपर्यंत पाणी घातले. बूच लावून मला हलवले, मध्येच बूच सैल करून कोंडलेली वाफ सोडली आणि मला जमिनीवर ठेवले.

"आता थांबायचं," त्या म्हणाल्या.

दोघी माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. माझ्या पोटात आधी सगळे धुक्यासारखे गढूळ झाले. मग हळूहळू इथेनॉल पाण्याला धरून खाली उतरले आणि पेट्रोल एकटे वर तरंगत राहिले. मध्ये एक स्वच्छ रेघ उभी राहिली. सुमित्राबाईंनी डोळा तिच्या समोर आणला.

"वरचा पट्टा म्हणजे पेट्रोल. पंच्याऐंशीच्या हिशेबानं तो बोटभरसुद्धा असायला नको. हा बघ केवढा आहे."

"म्हणजे हा खोटं बोलतोय."

"किंवा त्यालाही कोणीतरी खोटं सांगितलं असेल. पण हे घ्यायचं नाही."

दुसऱ्या बाटलीचा पट्टा अगदी अरुंद आला, हवा तेवढाच. सायलीने स्वतः वाकून तो वाचला आणि सुमित्राबाई म्हणाल्या, "बरोबर." किती वर्षांनी मी तो शब्द ऐकला!

"आई, परत एकदा करू या?" सायलीने विचारले. पट्ट्यात काही शंका होती म्हणून नव्हे. तिला मजा वाटली होती.

मग सुमित्राबाईंनी मोरचूद आणले. मोरचूद निळे असते, पण जुन्या चिनी मातीच्या वाटीत तापवले की त्यातले पाणी उडून ते पिठासारखे पांढरे पडते. पूड पूर्ण निवल्यावर बाहेर व्हरांड्यात त्यांनी त्यावर दुसऱ्या बाटलीतले थोडे इंधन टाकले. पूड पांढरीच राहिली.

"पाणी असतं तर निळी झाली असती. इंधन कोरडं आहे," त्या म्हणाल्या.

आतून वसंतराव म्हणाले, "मी माझ्या लिंबाच्या फवारणीसाठी मोरचूद मागत होतो, तर घरात नव्हतं. सुनेच्या गाडीसाठी बरं निघालं."

त्या दिवसापासून घर बदलले. सायलीने दुसऱ्या विक्रेत्याकडून परवानगी असते तेवढेच इंधन मागवले, आणि ते ठेवायची जबाबदारी सुमित्राबाईंनी आपणहून घेतली. नवा पोलादी कॅन आणला. तो जिन्याखालच्या थंड, अंधाऱ्या कोनाड्यात ठेवला. गच्चीवर नाही, कारण ऊन. स्वयंपाकघराजवळ नाही, कारण आग. कॅन गळ्यापर्यंत भरलेला, कारण आत जेवढी हवा कमी तेवढा ओलावा कमी. "इथेनॉल हवेतलं पाणी पिऊन टाकतं," त्या वसंतरावांना सांगत. "आपलं मीठ पावसाळ्यात कसं पाझरतं, तसं." संध्याकाळी सायली कामावरून आली की दोघी चहा घेत इंजिनबद्दल बोलत. सुमित्राबाई टर्बोची आकृती काढून घेत आणि शेजारच्या सुशीलाबाईंना ती समजावून सांगत. सुशीलाबाई ऐकत आणि शेवटी विचारत, "पण गाडी ॲव्हरेज किती देते?"

जुलैतली स्पर्धा पावसाने पुढे गेली. ती गणपतीनंतर होईल, असे ठरले. म्हणजे इंधन सगळा पावसाळा कॅनमध्ये राहणार होते.

आणि इथेच, मित्रांनो, ती गोष्ट घडली.

कॅनच्या झाकणाखाली एक काळी रबरी चकती होती. श्रावणात एकदा झाकण उघडताना ती फाटली. बाहेर धो धो पाऊस, सायली कामावर. सुमित्राबाईंनी घरातच उपाय केला. कुकरची जुनी रिंग कापून, कडा घासून नेमकी चकती बनवली आणि झाकणाखाली बसवली. झाकण घट्ट बसले. त्यांना समाधान वाटले. आपल्या आयांना आणि आज्यांना असे समाधान वाटते ना, घरातली वस्तू घरातच दुरुस्त झाली की, तसेच. सायलीला सांगण्यासारखे त्यात काही आहे, हे त्यांच्या मनातही आले नाही.

त्यानंतर दोनदा त्यांनी इंधन माझ्यात ओतून तपासले. माझ्यातला पट्टा जवळजवळ तिथेच होता. मी खोटे सांगितले नाही. पण मी इथेनॉल आणि पेट्रोल वेगळे करून दाखवते. आधीच आत मुरलेले थोडे पाणी मला ओळखता येत नाही. प्रत्येकाची ओळखण्याची एक हद्द असते, आणि ती माझी हद्द होती.

गौरी-गणपती झाले. स्पर्धा परवावर आली. दुपारी सुमित्राबाई कॅनपाशी गेल्या. गाडीत भरण्याआधी शेवटचे एकदा सगळे तपासायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी इंधन माझ्यात घेतले आणि मला उजेडात धरले. आणि त्या थबकल्या.

माझ्या तळाशी काळे कण होते. रव्यासारखे बारीक.

त्यांनी झाकण उलटे करून पाहिले. कुकरच्या रिंगची चकती फुगून मऊ झाली होती आणि तिच्या कडा चुरगळत होत्या. नखाने दाबताच तिचा तुकडा निघाला. त्यांनी वाटीत मोरचूद तापवले, पांढरे केले, निवू दिले आणि त्यावर इंधनाचे थेंब टाकले. पूड निळसर झाली. फार गडद नाही. पण निळी.

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी त्यांच्या हातातच होते. "पंचवीस वर्षं मुलांना शिकवलं," त्या वसंतरावांना म्हणाल्या, "की कुठलं रबर कशात विरघळतं ते आधी बघायचं. आणि मी कुकरची रिंग लावली."

वसंतरावांनी वाटीत डोकावून पाहिले. "थोडंसंच तर निळं आहे. कण गाळून घेता येतील. पोरीची स्पर्धा परवावर आहे, आता सांगून तिचं मन का मोडायचं?"

"पाणी किती आहे ते मला सांगता येत नाही. आणि गाळण्यातून निसटलेला एखादा कण इंजिनात अडकला तर?" सुमित्राबाई उठल्या. "मी सांगणार आहे."

सायली संध्याकाळी आली तेव्हा हेल्मेट हातात घेऊनच आली होती, नवीन काच बसवून. सुमित्राबाईंनी तिला चहासुद्धा विचारला नाही. मला, झाकणाला आणि वाटीला तिच्यासमोर ठेवले आणि सगळे सांगितले. श्रावणातली फाटलेली चकती, कुकरची रिंग, सगळे.

सायलीने झाकण हातात घेतले. चकती बोटाने चुरगळून पाहिली. तिचा चेहरा लाल झाला. ती हेल्मेट टेबलावर ठेवून बाहेर गेली आणि गाडीत बसून तिने दार लावून घेतले.

"थोडा वेळ जाऊ दे, मग बोल," वसंतराव म्हणाले.

सुमित्राबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला नाही. मला हातात धरूनच त्या बाहेर गेल्या आणि दुसरे दार उघडून सायलीच्या शेजारी बसल्या. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच त्या गाडीत बसत होत्या. मी त्यांच्या मांडीवर होते.

"तू काही बोललीस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "ओरडलीस तरी चालेल."

"मी तुमच्यावर ओरडत नाही, आई."

"ते माहीत आहे. तोच तर त्रास आहे."

सायलीने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "सहा महिने तयारी केली. उदयदादानं इंजिन याच इंधनावर जुळवलंय. विक्रेत्याला फोन केला तरी माल यायला आठवडा जाईल. मला खूप राग आलाय."

"येणारच."

"तुमचाच नाही. मागच्या आठवड्यात मी झाडू घ्यायला जिन्याखाली गेले होते. ढक्कनला हात लागला, तर ते मऊ मऊ बसल्यासारखं वाटलं. वासही येत होता. मला तेव्हाच उघडून बघायचं होतं."

"मग बघितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाटलं असतं, हिला माझ्यावर भरोसा नाही. म्हणून हात काढून घेतला."

सुमित्राबाई म्हणाल्या, "आणि मी चकतीबद्दल सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंच नाही. आपण दोघी चांगलं वागत बसलो आणि तिकडे पाणी आत जात राहिलं."

सायलीला हसू आले. राग गेला नव्हता, पण हसू आले. रागात आलेले हसू मी पहिल्यांदाच पाहिले. ते फार छान दिसते.

"उद्या सुट्टी घे," सुमित्राबाई म्हणाल्या. "साध्या पेट्रोलवर गाडी पळेल का?"

"पळेल, पण हळू. उदयदादाकडे पेट्रोलचा जुना हिशेब आहे. आधी टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल, नळ्या साफ कराव्या लागतील. टाकीतही थोडं हेच इंधन आहे."

"मग करू या."

दुसऱ्या दिवशी सगळे घर अंगणात होते. सायली गाडीखाली, वसंतराव हातात विजेरी घेऊन उकिडवे, सुमित्राबाई टाकीतून निघणारे इंधन कॅनमध्ये उतरवून घेताना. उदयने इंदूरहून फोनवर एकेक गोष्ट सांगितली आणि संगणकावरून पेट्रोलचा हिशेब पाठवला. खराब इंधन गटारात ओतायला सुमित्राबाईंनी साफ नकार दिला. "ते जमिनीत जाईल आणि मग कोणाच्या तरी विहिरीत." सायलीच्या कारखान्यात असे टाकाऊ इंधन नीट विल्हेवाटीसाठी घेतात, तिकडे ते पाठवायचे ठरले. शेवटी पंपावरून ताजे पेट्रोल आले, आणि तेही आधी माझ्यात ओतून पाहिले गेले. पंपाने सांगितले होते तेवढेच इथेनॉल त्यात निघाले. मग ते टाकीत गेले.

स्पर्धेला सगळे गेले. मीही गेले, फडक्यात गुंडाळलेली, सुमित्राबाईंच्या पिशवीत. धावपट्टी लांबच लांब होती आणि दोन्ही बाजूंना गवत वाढले होते. सायलीची पाळी आली तेव्हा सुमित्राबाईंनी वसंतरावांचे मनगट धरले आणि गाडी परत येईपर्यंत सोडले नाही. लाल गाडी गेली. छान आवाज करत गेली. पण तिच्या आधीच्या गाड्या तिच्याहून वेगाने गेल्या होत्या.

सायली परत आली, हेल्मेट काढले.

"कितवी?" वसंतरावांनी विचारले.

"मागून दुसरी."

"म्हणजे पुढून कितवी?"

"पुढून मोजायचं नसतं, बाबा," सायली म्हणाली, आणि तिने बॉनेट उघडले. सुमित्राबाई वाकून आत बघू लागल्या. इंजिन तापलेले होते, धड होते, पुढच्या वेळेसाठी तयार होते. त्यांनी हात पुढे केला. सायली म्हणाली, "आई, गरम आहे, हात लावू नका." सुमित्राबाई म्हणाल्या, "मला कळतं." आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

आता पुढचा हंगाम आला आहे. उदयने इथेनॉलला टिकणारी योग्य चकती पाठवली आहे. नवे इंधन जिन्याखालच्या कोनाड्यात आहे, आणि झाकण दोघींपैकी कोणीही उघडते, कोणीही तपासते. त्यामुळे रोज वाद होतात. इंधन किती दिवसांनी तपासायचे, यावर वाद. कॅन भिंतीला टेकवायचा की नाही, यावर वाद. मागच्या रविवारी मला एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देताना मी नळावर आपटले आणि माझ्या तोंडाच्या कडेचा टवका उडाला.

"जरा बघत जा ना, सायली!" सुमित्राबाई मोठ्याने म्हणाल्या. खरोखरच मोठ्याने.

"तुम्हीच ओल्या हातानं दिलीत!" सायली तेवढ्याच मोठ्याने म्हणाली.

आतून वसंतराव हसले आणि पुन्हा पेपर वाचू लागले. टवका लहान आहे. बूच अजून नीट बसते. मित्रांनो, त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. मनी प्लांटसह खिडकीत बसले होते तेव्हा मला कधी टवका उडाला नव्हता.

जाता जाता एवढेच सांगते. इंधनाशी लहान मुलांनी कधी खेळू नये, ते काम मोठ्यांचे आहे. पण घरातल्या वस्तू जपायला तुम्हीही शिकू शकता. जपणे म्हणजे नुसते कपाटात ठेवून देणे नव्हे. वस्तू कशाची आहे, तिला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे विचारायचे. अधूनमधून हात लावून बघायचे. आणि दुसऱ्याने जपून ठेवलेल्या वस्तूचे झाकण सैल लागले, तर 'त्यांना वाईट वाटेल' म्हणून हात काढून घेऊ नका. तिथल्या तिथे सांगा. ते रागावतील. रागावू द्या. राग निवतो. आत गेलेले पाणी मात्र कोणाला काढता येत नाही.